ज्याचा अर्ज, त्याच्याच हाती
(कारंजा लाड येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



मजकूर जपला जाणं वेगळं आणि तो वाचता येणं वेगळं, हे कारंज्याइतकं दुसऱ्या गावाला क्वचितच ठाऊक असेल. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरं इथे आहेत. त्यांच्या शास्त्रभांडारांत पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या सांभाळल्या गेल्या. १९२६ साली रायबहादूर हिरालालांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली आणि इथे काय ठेवा आहे हे बाहेरच्या अभ्यासकांना नीट कळलं. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे प्रा. हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाखाली कारंज्याच्या जैन ग्रंथमालांत एकेक ग्रंथ बाहेर पडू लागला. पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' १९३१ साली आलं, 'णायकुमारचरिउ' १९३३ साली. दहाव्या शतकातला अपभ्रंश कवी जवळजवळ हजार वर्षांनी छापील पानावर वाचकांना भेटला. त्याच्या पोथ्या मधल्या काळात नाहीशा झाल्या नव्हत्या. त्या होत्या, बांधलेल्या होत्या, आणि भांडारापर्यंत पोचणाऱ्या थोड्यांनाच वाचता येत होत्या.

आज आपले कागद संकेतस्थळांवर गेले आहेत. सातबारा तिथे, पीक विमा तिथे, मुलांची शिष्यवृत्ती तिथे, घरपट्टी तिथे. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र हवं असेल तर त्याचाही अर्ज तिथेच. विचारायला गेलं की उत्तर मिळतं, 'सगळं ऑनलाइन टाकलंय.' टाकलं आहे, यात शंका नाही. ते कोणाकोणाला वाचता येतं, एवढाच आज माझा विषय आहे.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, त्यांतल्या २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातल्या. त्या मोजणीत दिव्यांगत्वाचे आठच प्रकार धरले होते. २०१६च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले, म्हणजे खरा आकडा त्याहून मोठा असणार. शिवाय साठीनंतर ज्यांची नजर मंदावली, हात कापू लागला, कानाला कमी येऊ लागलं, पण ज्यांनी कधी प्रमाणपत्र काढलं नाही, ते या हिशोबात धरलेलेच नाहीत. या सभागृहात तसे बरेच जण बसलेले आहेत.

हा प्रश्न गावात काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. 'त्यात काय एवढं? कोणीतरी भरून देतंच की.' खरं आहे. पुतण्या भरून देतो, शेजारची मुलगी भरून देते, सेवा केंद्रातला पोरगा वीस-पन्नास रुपये घेऊन भरून देतो. ही माणसं नसती तर कितीतरी जणांचं अनुदान अडून राहिलं असतं, आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या खुर्चीसमोर बसून दिव्यांग माणूस काय काय सांगतो, याची एकदा मनाशी यादी करून बघा. आधार क्रमांक. बँक खातं आणि त्यातली शिल्लक. आजार कोणता, किती टक्के. नवरा नांदवतो की नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे. आणि शेवटी फोनवर आलेला ओटीपी. तो कोणालाही सांगू नका असं बँक रोज बजावते, आणि ज्याला पडदा दिसत नाही त्याला तो सांगितल्याशिवाय इलाज नसतो.

आता अशी बाई डोळ्यांपुढे आणा जिला दिसत नाही आणि जिला घरातल्याच माणसांविरुद्ध तक्रार करायची आहे. तिचा अर्ज कोण भरून देणार? तिला वारसाहक्काची नोंद तपासायची असेल तर ती कोणाकडून वाचून घेणार? ज्याचा त्या जमिनीवर डोळा आहे, त्याच्याकडून? इथे मदतीची परंपरा कामाला येत नाही. तिला स्वतःचा फोन, स्वतःचे कान आणि नीट बांधलेलं संकेतस्थळ, एवढंच हवं आहे. सुगम संकेतस्थळाची माझी कसोटी ही एकच आहे: ज्याचा अर्ज आहे त्याला तो दुसऱ्याला मध्ये न घेता वाचता, भरता आणि पाठवता आला पाहिजे.

कानांनी वाचणं वऱ्हाडाला नवं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले, तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली, आणि १९१५ साली, वयाच्या पस्तिशीच्या आत, ते वारले. तेवढ्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. इतरांकडून वाचून घ्यायचं, ऐकलेलं स्मरणात ठेवायचं आणि सांगून लिहवून घ्यायचं, हा त्यांचा अभ्यास होता. आपण त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतो आणि त्यांच्या असामान्य बुद्धीपुढे हात जोडतो, ते योग्यच. पण त्यांच्याभोवती वाचून दाखवणारी माणसं सतत होती हेही विसरू नये. ज्यांच्याकडे तशी स्मरणशक्ती नाही आणि तशी शिष्यमंडळीही नाहीत, त्या साध्या माणसांनी काय करावं?

त्यांच्यासाठी आता वाचून दाखवणारी आज्ञावली आहे. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. पूर्वी ती विकत घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने एनव्हीडीए नावाची आज्ञावली लिहायला घेतली, जेम्स टेह हा दुसरा दृष्टिहीन तरुण त्याला मिळाला, आणि दोघांनी ती जगाला फुकट दिली. आज ती मराठीतही बोलते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची अशीच सोय असते. तुमच्या खिशातल्या बहुतेक फोनमध्ये ती आत्ताही असेल, फक्त कधी चालू केलेली नसेल.

माझ्या ओळखीच्या एक दृष्टिहीन शिक्षिका आहेत. त्या फोन वापरतात तेव्हा आवाजाचा वेग इतका ठेवतात की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही. डोळस माणूस पान वरपासून खालपर्यंत वाचत नाही, नजर टाकून हवं ते शोधतो. त्याही तसंच करतात, फक्त नजरेऐवजी मथळ्यांवरून उड्या मारत जातात. पान बांधणाऱ्याने मथळा खरोखर मथळा म्हणून नोंदवला असेल तर दोन-तीन उड्यांत काम होतं. त्याने नुसतीच अक्षरं मोठी आणि ठळक केली असतील तर आवाजाला ते मथळे आहेत हे कळायला मार्ग नाही, मग सगळं पान पहिल्या ओळीपासून ऐकत बसायचं. दुव्यांची यादी मागवली तर 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा' असं दहा वेळा ऐकू येतं. कुठलं 'येथे' अर्जाचं आणि कुठलं निकालाचं, काही पत्ता लागत नाही. चित्राला वर्णन जोडलेलं नसेल तर आवाज कॅमेऱ्याने दिलेलं फाइलचं नाव वाचतो. चौकटीला नाव जोडलेलं नसेल तर 'चौकट, रिकामी' एवढंच. तिथे गावाचं नाव लिहायचं की बापाचं?

हे सगळे दोष पान बांधताना काही मिनिटांत टाळता येतात. ते कसे टाळायचे हे १९९९ पासून लिहिलेलं आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेने त्या वर्षी पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांची २००८ सालची आवृत्ती जगभर पायाभूत मानली गेली आणि २०२३ साली ताजी सुधारणा आली. भारतानेही आपलं मानक केलं आहे, आयएस १७८०२. तरीही जगातल्या दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं दरवर्षी तपासली जातात तेव्हा सुमारे ९५ टक्के पानांवर उघड चुका सापडतात, आणि सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक असते फिकी अक्षरं.

आता मराठीकडे येतो. इथे माझी तक्रार मोठी आहे, कारण हे दुखणं आपलं आहे आणि त्यावरचं औषध कुठल्या परदेशी तज्ज्ञाच्या हातात नाही.

आपल्याकडे कितीतरी वर्षं कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉण्टांत टंकन झालं. अजूनही होतं. या जुन्या फॉण्टांत खरी देवनागरी नसते. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवलेले असतात. कृतिदेवमध्ये तुम्ही 'अनुदान' टाइप करता तेव्हा पडद्यावर 'अनुदान' दिसतं, पण आत 'व्ही, यू, क्यू, एन, के, यू' अशी सहा इंग्रजी अक्षरं असतात. स्क्रीन रीडर आतलं वाचतो. म्हणजे डोळस माणसाला जिथे अनुदानाची बातमी दिसते, तिथे दृष्टिहीन माणसाला निरर्थक आवाज ऐकू येतात. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा १९९१ पासून आहे. तीस वर्षं उलटून गेली. एखादी शाळा, एखादी पतसंस्था, एखादं साप्ताहिक अजून जुन्या फॉण्टात मजकूर बनवत असेल तर आता त्याला सवयीशिवाय दुसरं कारण उरलेलं नाही. युनिकोड फुकट आहे, इन्स्क्रिप्ट कळफलक प्रत्येक संगणकात आहे, आणि फोनवर तर सगळं कारंजा युनिकोडमध्येच लिहितं.

याहून वाईट प्रकार सहीशिक्क्याचा. कार्यालयात सूचना संगणकावर टाइप होते. त्या क्षणी ती खरा मजकूर असते, आवाजाला वाचता येण्याजोगी. मग ती छापली जाते. साहेब सही करतात. शिक्का बसतो. मग तो कागद स्कॅन होतो, आणि तो स्कॅन संकेतस्थळावर चढतो. या प्रवासात मजकुराचा फोटो झालेला असतो. स्क्रीन रीडरला त्यात काहीही सापडत नाही, तो म्हणतो, 'रिकामं पान.' लाभार्थ्यांची यादी, आरक्षणाची सोडत, भरतीची जाहिरात, पाणी न येण्याची सूचना, सगळी रिकामी पानं. फोटोतून अक्षरं ओळखणारी साधनं आहेत, पण तिरप्या स्कॅनवर, त्यातही शिक्का बसलेल्या ओळीवर आणि रकान्यांच्या तक्त्यात, ती अडखळतात. आणि रकान्यातला एक आकडा चुकला तर माणसाचा हक्क चुकतो. उपाय इतका सोपा आहे की सांगताना संकोच वाटतो. सहीची प्रत ठेवायची तर ठेवा, तिच्या शेजारी टाइप केलेली मूळ प्रतही चढवा. डिजिटल स्वाक्षरीला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालीच मान्यता दिली आहे. ती वापरली तर छापण्याची आणि स्कॅन करण्याची गरजच उरत नाही.

तिसरी गोष्ट अगदी बारीक आहे, आणि ती फक्त पान बांधणाऱ्यालाच करता येते. हे पान मराठीत आहे असं पानाच्या आत सांगावं लागतं. त्यासाठी दोन अक्षरांची खूण असते, 'एम' आणि 'आर'. ती नसली की फोनमधला इंग्रजी आवाज मराठी मजकुराला सामोरा जातो आणि गोंधळतो किंवा गप्प बसतो. दोन अक्षरांवाचून पान मुकं होतं.

आतापर्यंत मी दृष्टिहीनांबद्दलच बोललो, पण हा प्रश्न त्यांच्यापुरता नाही. मळणीयंत्रात हात गेलेला शेतकरी एका हाताने फोन धरतो आणि त्याच अंगठ्याने चालवतो. त्याला इवलीशी बटणं आणि दोन बोटांनी ताणायचे नकाशे जमत नाहीत. दोन मिनिटांत न भरल्यास पुसून जाणारा अर्ज त्याला पुन्हा पुन्हा भरावा लागतो. कर्णबधिर मुलीला योजनेची चित्रफीत दिसते, पण खाली शब्द नसतील तर त्या चित्रफितीत तिच्यासाठी कोणी तरी ओठ हलवतंय एवढंच असतं. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या माणसाला 'लाल चौकटी भरा' ही सूचना निरुपयोगी. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुणाला, आणि खरं सांगायचं तर आपल्यातल्या बहुतेकांना, 'उपरोक्त संदर्भीय विषयान्वये' सुरू झालेलं वाक्य संपेपर्यंत विषयच हातातून निसटतो. सोपी मराठी लिहिणं हा सुगमतेचाच भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग.

कायदा काय म्हणतो, हे थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात माहिती आणि तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावं, असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि सेवा देणाऱ्यांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली होती. ती कधीच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेची मानकं ठरवणारा नियमच रद्द केला, कारण कायद्याने जे सक्तीचं केलं ते त्या नियमाने शिफारशीपुरतं करून ठेवलं होतं. सक्तीची मानकं करा, असं न्यायालयाने सरकारला बजावलं.

पुढचा निकाल माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, ३० एप्रिल २०२५ चा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर तो आला. बँकेचं खातं उघडताना ओळख पटवायला कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, असं यंत्र सांगतं. ज्यांच्या पापण्या जळून गेल्या आहेत त्यांनी काय करायचं? ज्याला पडदा दिसत नाही त्याने चेहरा त्या गोलात कसा बसवायचा? न्यायालय म्हणालं, डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि २० निर्देश दिले. हे निर्देश दिल्ली-मुंबईपुरते नाहीत. पीएम-किसानची ओळख चेहरा दाखवून पटवणाऱ्या कारंजा तालुक्यातल्या शेतकऱ्याचा प्रश्नही याच जातीचा आहे.

या लढ्यात आपल्या विदर्भाचा माणूस आघाडीवर आहे याचा मला अभिमान वाटतो. नागपूरचे राहुल बजाज दृष्टिहीन आहेत. नागपुरात कायदा शिकले, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले, आणि परत येऊन त्यांनी डॉक्टरांची भेट ठरवून देणाऱ्या एका खासगी ॲपविरुद्ध दिव्यांग व्यक्तींच्या मुख्य आयुक्तांकडे दाद मागितली. खासगी कंपनीही या कायद्याला बांधील आहे, हे त्या प्रकरणातून ठळक झालं. त्यामुळे 'हे सरकारी साइटसाठी असेल, आमची तर छोटीशी पतसंस्था आहे' असं कोणी म्हणू नये.

इथे एक सावधगिरीची सूचना. संकेतस्थळाच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह लावून देणारे विक्रेते आता तालुक्यापर्यंत पोचले आहेत. एक ओळ टाका, साइट सुगम झाली, असं ते सांगतात. त्या चिन्हावर टिचकी मारली की अक्षरं मोठी होतात, रंग उलटे होतात. पण ज्या चौकटीला नावच नाही तिचं नाव ते चिन्ह कुठून आणणार? अमेरिकेत अशा एका कंपनीला खोटे दावे केल्याबद्दल २०२५ साली दहा लाख डॉलर भरावे लागले. चौकट नसलेल्या भिंतीवर दाराचं चित्र रंगवावं, तसलाच हा प्रकार आहे. पैसे त्यावर घालवू नका. तेवढ्याच पैशात तुमचा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून होईल.

मग करायचं काय? पुण्या-मुंबईहून कोणी येण्याची वाट पाहू नये. मराठी माणसाने या क्षेत्रात स्वतः काम उभं केल्याची उदाहरणं आहेत. स्वागत थोरात यांनी २००८ च्या फेब्रुवारीत 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक मराठीत सुरू केलं, तेव्हा दृष्टिहीनांना बातम्या वाचायच्या असतात हे पटवण्यापासून त्यांना सुरुवात करावी लागली असणार. आपल्या वाट्याला त्या मानाने सोपं काम आलं आहे. गावातल्या महाविद्यालयात संगणक शिकणारी मुलं आहेत. त्यांना प्रकल्प हवेच असतात. एकेका गटाने एकेक स्थानिक संकेतस्थळ घ्यावं, शाळेचं, बाजार समितीचं, वाचनालयाचं. पहिल्या दिवशी माऊस बाजूला ठेवून नुसत्या कळफलकावर ते चालवून बघावं. टॅबची कळ दाबत गेलं तर अर्जाच्या शेवटापर्यंत पोचता येतं का? मग पडदा बंद करून टॉकबॅकने तेच करावं. अर्ध्या दिवसात चुकांची भली मोठी यादी तयार होईल.

मात्र शेवटची तपासणी दिव्यांग माणसाकडूनच करून घ्यावी, आणि तिचं मानधन द्यावं. डोळे मिटून टॉकबॅक ऐकणारा विद्यार्थी आणि वीस वर्षं कानांनी वाचणारी बाई यांच्या वापरात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तिला ज्या जागी अडचण येते ती जागा विद्यार्थ्याच्या लक्षातही येत नाही. हे कौशल्याचं काम आहे. कंपन्या त्याचे पैसे मोजतात, मग आपण 'तेवढं बघून द्या ना ताई' म्हणून फुकट का करून घ्यावं?

सुरुवात कुठून करायची असं कोणी विचारलं तर मी घरपट्टीपासून म्हणेन, कारण ती प्रत्येक घराला लागते. कारंज्यातल्या एखाद्या दृष्टिहीन करदात्याने घरी बसून, स्वतःच्या फोनवर, स्वतःचं देयक ऐकावं, आकारणीत चूक वाटली तर हरकत नोंदवावी, रक्कम भरावी आणि पावती उतरवून घ्यावी, आणि हे करताना ओटीपी त्याच्याकडेच राहावा. हे जमलं की पाणीपट्टीला हात घालू, मग जन्म-मृत्यूच्या दाखल्यांना, आणि मग नगरपालिकेच्या सभांच्या इतिवृत्तांना.